टोपीकर, वखार आणि बंगालचा पैसा

शाळेच्या इतिहासातलं एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, इंग्रज व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते होऊन बसले. वाक्य तसं खोटं नाही, पण ते वाचताना असं वाटत राहतं की ही माणसं खरंच मिरी आणि कापड घ्यायला आली होती, इथली भांडणं बघितली, मग मोह झाला, आणि एक दिवस चुकून राज्य हातात पडलं. मला हे अजिबात पटत नाही. आणि त्याहून जास्त खटकतं ते दुसरंच, की आपल्या लोकांना काही कळलंच नाही, सगळे झोपलेले होते, हा जो सूर लावला जातो ना तो. कळलं होतं हो. इथे कोकणात तर फार लवकर कळलं होतं. मग तरी असं का झालं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर शौर्य आणि फितुरी याच्यापेक्षा पैशाच्या हिशोबात जास्त सापडतं, म्हणून हे सगळं एकदा सलग लिहून काढतोय.

सुरुवात सनदेपासून. ३१ डिसेंबर १६०० ला एलिझाबेथ राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली, १५ वर्षांची मक्तेदारी, केप ऑफ गुड होपपासून मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंत जेवढं जग आहे तेवढ्यात इंग्लंडचा व्यापार करायचा तर या कंपनीनेच. पुढे २ वर्षांत डच कंपनी निघाली, १६०२, आणि तिच्या सनदेत तर सरळच लिहिलं होतं की किल्ले बांधा, सैनिक ठेवा, तिकडच्या राजांशी तह करा, लढाई करा. म्हणजे शेअर विकून उभी राहिलेली कंपनी, पण तोफा आणि तह सुद्धा तिच्याच हातात. इंग्रजांच्या कंपनीला हे अधिकार दुसऱ्या चार्ल्सने १६६१ च्या सनदेत दिले, आणि १६६८ मध्ये त्याला लग्नात पोर्तुगीजांकडून मिळालेली मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. नंतर नाणी पाडायची परवानगी पण आली. आता मला सांगा, ज्याच्याकडे फौज आहे, टाकसाळ आहे, बेट आहे आणि तह करायचा अधिकार आहे त्याला आपण नुसता व्यापारी कसं म्हणायचं?

डचांनी हे अधिकार वापरून काय केलं ते बांदा बेटांवर दिसलं. आजच्या इंडोनेशियातली ही छोटी बेटं, जायफळ त्या काळी फक्त तिथेच पिकायचं. बांदाचे लोक पिढ्यानपिढ्या जावाच्या, अरबांच्या, सगळ्यांच्या जहाजांना जायफळ विकायचे आणि बदल्यात तांदूळ, कापड घ्यायचे, डच म्हणाले आता फक्त आम्हालाच विकायचं आणि आमच्याच भावात. लोकांनी ऐकलं नाही. १६२१ मध्ये डच कंपनीचा इकडचा मुख्य अधिकारी यान पीटरझून कून फौज घेऊन आला, गावप्रमुखांची मुंडकी उडवली, आणि साधारण १५ हजार वस्तीतली जेमतेम हजारभर माणसं बेटांवर उरली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बाकीची मेली, उपाशी मेली, पळाली नाहीतर गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेली. मग बाहेरून गुलाम आणून जायफळाच्या बागा पुन्हा सुरू केल्या. हे काम कुठल्या राजाने केलेलं नाही, ॲमस्टरडॅममध्ये जिचे शेअर रोज विकले जात होते त्या कंपनीने केलंय. याच डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, तिचे अवशेष अजून आहेत, जाणं झालं तर नक्की बघा.

आता आपल्याकडे या. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्य कसं चालवावं यावरचा ग्रंथ, साधारण १७१५-१६ च्या सुमाराचा. त्यात सावकारांबद्दल जो भाग आहे तो मी कितीही वेळा वाचला तरी थक्क होतो. आधी सांगितलंय की सावकार म्हणजे राज्याची शोभा, त्यांना सांभाळा, त्यांच्यामुळे वस्ती होते, अडीनडीला कर्ज मिळतं. आणि मग लगेच टोपीकरांचा विषय काढलाय, फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, हे पण सावकारी करतात खरे पण बाकीच्या सावकारांसारखे नाहीत, यांचे धनी म्हणजे राज्यं आहेत, त्यांच्या हुकमाने हे इथे येतात, आणि राज्य करणाऱ्याला जमिनीचा लोभ नाही असं कधी होईल का. नुसता इशारा देऊन पंत थांबलेले नाहीत, वखारीला जागा कशी द्यायची हे पण बारकाईने सांगितलंय. समुद्राकाठी नको, खाडीकाठी नको, कारण यांचं बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, काठावर जागा मिळाली की पाठीशी जहाजं आणून किल्ला उभा करतील. द्यायचीच तर आत, एखाद्या मोठ्या गावाशेजारी, सखल जागा, आणि पक्कं बांधकाम करू द्यायचं नाही. प्लासीच्या ४० वर्षं आधीचं आहे हे. कंपनी म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे हे इतक्या स्वच्छ शब्दांत त्या काळात दुसरीकडे कुठे लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि हे शहाणपण हवेतून आलेलं नव्हतं. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर अडकलेले असताना राजापूरच्या वखारीतले इंग्रज सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवायला गेले होते, नुसते पुरवले नाहीत तर स्वतःचं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी म्हणवणाऱ्यांनी. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर मारलं, वखार लुटली, इंग्रजांना धरून नेलं आणि त्यातले काही तर १६६३ पर्यंत कैदेत होते. राजापूरची नुकसानभरपाई मागणं मात्र इंग्रजांनी वर्षानुवर्षं सोडलं नाही, १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर आला तेव्हाही तो विषय त्याच्या यादीत होता.

मग १६७९ ला खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोर हे बेट, तिथे महाराजांनी तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पायाखालची वाळू सरकली कारण तिथून मुंबई बंदरात येणारं जाणारं प्रत्येक जहाज दिसतं. त्यांनी बेटाभोवती जहाजं उभी केली, रसद तोडायची म्हणून. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या, रात्री अंधारात वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागच्या जागी आणि या होड्या त्यांच्या बाजूने माणसं, धान्य, चुना, दगड घेऊन बेटावर. दिवसा पुन्हा तट वर चढलेला. मायनाक भंडारी, दौलतखान यांची ही मोहीम. इंग्रजांची माणसं मेली, एक गलबत मराठ्यांनी धरून नेलं, आणि शेवटी सुरतेच्या कौन्सिलला हा खर्च परवडेना, मुंबईची भाजी, लाकूड, गुरं सगळं समोरच्या किनाऱ्यावरून यायचं, शिवाजीशी कायमचं वैर घेऊन जगणार कसे. १६८० च्या सुरुवातीला माघार घेतली. बेट मराठ्यांकडे राहिलं.

हा "परवडेना" शब्द लक्षात ठेवा कारण माझा मुद्दा इथेच आहे. तेव्हाची कंपनी गरीब होती. म्हणजे लंडनमध्ये श्रीमंत, पण या किनाऱ्यावर तिच्याकडे मोजकी माणसं, मोजकी जहाजं, आणि प्रत्येक लढाईचा खर्च व्यापाराच्या नफ्यातून जायचा, त्यामुळे डायरेक्टर लोक लगेच जाब विचारायचे. इच्छा मात्र तेव्हाही होती. १६८७ मध्येच लंडनहून इकडे लिहून आलं होतं की हिंदुस्थानात कायमची टिकेल अशी भक्कम इंग्रजी सत्ता उभी करायची आहे, लंडनमध्ये कंपनी चालवणाऱ्या जोसाया चाइल्डचा काळ तो. त्या जोरावर थेट औरंगजेबाशी युद्ध काढलं, काय झालं, बादशहाच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला, किल्ल्याला वेढा पडला, आणि कंपनीच्या वकिलांना बादशहासमोर हात बांधून माफी मागावी लागली, वर दीड लाख रुपये दंड. हाव होती, ऐपत नव्हती, एवढाच काय तो फरक.

कान्होजी आंग्र्यांनी याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे, आजही कितीतरी इंग्रजी लिखाणात तोच शब्द असतो आणि तो वाचला की माझं डोकं तापतं. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं, पैसे भरायचे, नाहीतर जहाज धरलं जाईल. पोर्तुगीज २०० वर्षं हेच करत होते, त्याला कुणी चाचेगिरी म्हणत नव्हतं. कंपनीचं म्हणणं काय तर आमचं निशाण बघितलं की सोडून द्यायचं, आणि हे निशाण कंपनी मुंबईतल्या खाजगी व्यापाऱ्यांच्या जहाजांना पण वापरू द्यायची. म्हणजे समुद्र कुणाचा, कर कुणी घ्यायचा, हे भांडण होतं, सरळ सार्वभौमत्वाचं.

१७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच धरली, तिच्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख होता तो लढाईत मेला, त्याची तरुण बायको कैदेत पडली आणि तिच्यासकट कैद्यांना सोडवायला कंपनीला ३० हजार रुपये मोजावे लागले. मग चार्ल्स बून गव्हर्नर झाला, त्याने मुंबईला तट बांधला, जहाजं वाढवली आणि एकामागून एक मोहिमा काढल्या, १७१७ ला विजयदुर्ग फसलं, १७१८ ला खांदेरी फसलं, १७२० ला पुन्हा विजयदुर्ग, यावेळी तरंगता तोफखाना बांधून नेला होता, तोही फसला. १७२१ ला तर इंग्लंडच्या शाही नौदलाची जहाजं आणि पोर्तुगीज फौज असे सगळे मिळून अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले, बाजीरावाचं घोडदळ मदतीला पोचलं आणि तीही मोहीम बुडाली. कान्होजी १७२९ ला वारले तोपर्यंत समुद्रावर त्यांना कुणी हरवू शकलं नाही. एका कंपनीला तिच्याच खेळात, म्हणजे जहाज, विमा, खर्च, नफा या खेळात, कुणी इतकी वर्षं दमवलं असेल तर ते या माणसाने.

आणि आता जे लिहायचंय ते लिहिताना त्रास होतो. कान्होजींनंतर घरात भांडणं लागली, तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, आणि नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींचा बंदोबस्त करायला चक्क मुंबईकर इंग्रजांना सोबत घेतलं. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग. ॲडमिरल वॉटसन समुद्रावरून, जमिनीवर क्लाइव्ह. आंग्र्यांचं आरमार बंदरातच पेटलं आणि एका दुपारीत राख झालं. ठरलं होतं किल्ला पेशव्यांना मिळणार, पण इंग्रज आधी आत घुसले, जवळपास १० लाखांची लूट आपसात वाटून घेतली आणि किल्ला सोडायला ऑक्टोबर उजाडवला, तो पण बाणकोट पदरात पाडून घेऊन. पंत अमात्यांनी समुद्राकाठची जागा देऊ नका म्हणून बजावलं होतं त्याला जेमतेम ४० वर्षं झाली होती हो. तुळाजी वागायला कसेही असोत, ते आरमार मराठ्यांचं होतं, पश्चिम किनाऱ्यावर कंपनीला धाक असलेली ती एकच गोष्ट होती आणि ती आपणच जाळू दिली.

विजयदुर्गावरून हेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे मद्रासला गेले आणि तिथून बंगालला. १६ महिन्यांनी, २३ जून १७५७, प्लासी.

प्लासीबद्दल मीर जाफर, जगतशेठ, ते कट, हे सगळं सगळ्यांना माहिती आहे, त्यात मी जात नाही. माझ्या दृष्टीने खरी तारीख १२ ऑगस्ट १७६५ आहे, दिवाणीची. बक्सारला हरल्यावर शाह आलम बादशहाने बंगाल, बिहार, ओडिशाचा महसूल गोळा करायचा हक्क कंपनीला दिला, कंपनीने बादशहाला वर्षाला २६ लाख द्यायचे आणि बाकीचं स्वतःकडे. याचा अर्थ काय झाला ते बघा. तोपर्यंत कंपनीला बंगालचं कापड आणि रेशीम घ्यायला युरोपातून जहाजं भरून चांदी आणावी लागायची कारण तिकडचा माल इथे कुणाला फारसा नको होता. दिवाणीनंतर चांदी यायची जवळपास थांबली. बंगालच्या शेतकऱ्याकडून सारा गोळा करायचा, त्याच पैशाने बंगालच्या विणकराकडून कापड घ्यायचं, ते लंडनला नेऊन विकायचं आणि त्यावर डिव्हिडंड वाटायचा. शेतकऱ्याच्या पैशाने विणकराचा माल, कंपनीच्या खिशातून काहीच नाही. याला कंपनीच्या वह्यांमध्ये "गुंतवणूक" म्हणायचे.

विणकराला भाव कंपनीचा गुमास्ता, म्हणजे तिचा इथला हस्तक, ठरवणार, बाजारापेक्षा कमी, आगाऊ रक्कम त्याच्या हातात कोंबायची आणि मग दुसऱ्या कुणाला विकलं तर फटके, पहारा, कैद. अंगठे तोडल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो ना, त्याचा लेखी माग काढत गेलं तर विल्यम बोल्ट्सपाशी येऊन थांबतो, हा कंपनीतच नोकरीला होता आणि नंतर तिच्याविरुद्ध गेला. १७७२ मध्ये त्याने लिहिलंय की कच्चं रेशीम उकलणाऱ्या कारागिरांनी स्वतःचे अंगठे स्वतःच कापून घेतल्याचे प्रकार झालेत, सक्तीने रेशीम उकलायला लावू नये म्हणून. दुसऱ्याने तोडले यापेक्षा हे मला जास्त भयंकर वाटतं. ज्या हातावर पोट आहे तो हात माणूस स्वतः निकामी करतो, कारण तो चालतोय तोवर कंपनी सोडणार नाही. हा पण प्रतिकारच आहे, याची कुठे लढाई म्हणून नोंद होत नाही एवढंच.

१७६९-७० ला दुष्काळ पडला. बंगालची एक तृतीयांश माणसं गेली असं कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी धरलंय, आणि कंपनीचा बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये लंडनला कळवलं की १७७१ ची निव्वळ वसुली दुष्काळाआधीच्या १७६८ पेक्षाही जास्त झाली. एवढं ओरबाडून सुद्धा १७७२ मध्ये कंपनी बुडायला आली, नोकर स्वतःचे खिसे भरत होते, लंडनच्या गोदामात चहा पडून होता, शेअर कोसळला, मग ब्रिटिश सरकारने १४ लाख पौंडांचं लोन दिलं आणि तो चहा खपावा म्हणून अमेरिकेत स्वस्तात विकायची सवलत. तिथे पण लोकांना मक्तेदारीच टोचली. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात. बंगालचा उपाशी शेतकरी आणि बोस्टनचा दुकानदार यांची एकमेकांना गंधवार्ता नव्हती, त्रास दोघांनाही एकाच ऑफिसातून होत होता, लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या.

आता बंगालच्या या पैशाचा आणि मराठ्यांचा संबंध काय, तर वडगाव. नोव्हेंबर १७७८ ला मुंबईकर इंग्रज रघुनाथरावांना गादीवर बसवायला म्हणून पुण्याकडे निघाले. सोबत १९ हजार बैल, सामानाचे. बोरघाट चढताना दिवसाला कोसभर सरकायचे. मराठ्यांनी समोर उभं राहून लढायचंच नाही असं ठरवलं होतं, वाटेतली गावं रिकामी केली, चारा जाळला, विहिरी बुजवल्या, बाजूने सारखा छापा. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मेला, आपल्या लोकांनी ज्याला इष्टुर फाकडा म्हणून नाव ठेवलं तोच, शत्रूचं पण कौतुक करायचा मोकळेपणा होता. तळेगावला पोचले तर गाव जळत होतं, दाणा नाही. तोफा तळ्यात ढकलून रातोरात मागे फिरले आणि वडगावात महादजी शिंद्यांनी चहूबाजूंनी कोंडलं. तह झाला, मुंबईला लागून असलेल्या साष्टी बेटासकट घेतलेला सगळा मुलूख परत करायचा, रघुनाथराव ताब्यात द्यायचे. कान्होजींच्या काळात असा मार बसला असता तर मुंबई पुढची १५-२० वर्षं तोंड वर काढती ना.

पण आता मुंबईच्या मागे बंगाल होता. मुंबईचा कारभार स्वतः कायम तोट्यात, तो बंगालच्या पैशावर चालायचा, सुरतेच्या अर्जुनजी नाथजी त्रवाडींसारख्या सराफांच्या हुंड्यांवरून तो पैसा इकडे यायचा. हेस्टिंग्जने वडगावचा तह झटकून टाकला. कलकत्त्याने पाठवलेली फौज आधीच काल्पीहून निघून मध्य हिंदुस्थान ओलांडत येत होती, गॉडर्डच्या हाताखाली, ती फेब्रुवारीत सुरतेला येऊन पोचली सुद्धा. लढाई आणखी ३ वर्षं चालली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे आपण मैदानात जिंकलो आणि तरी साष्टी गेली. नाना फडणवीस आणि महादजींनी कमी केलं असं मी म्हणणार नाही, उलट पुढची २० वर्षं कंपनीला पुण्याकडे बघायची हिंमत झाली नाही ती त्यांच्यामुळे. पण पुण्याची फौज सावकारांच्या कर्जावर उभी राहायची, मोहीम लांबली की शिपायांचे पगार थकायचे, आणि समोरचा मात्र हरला तरी पुढच्या हंगामात नवी पलटण घेऊन हजर, कारण त्याच्या पलटणीचा पगार बंगालचा कुणबी भरत होता. इथे दरी पडली. ज्या शिपायांनी आपल्याला हरवलं ते बहुतेक सगळे आपलेच, त्यांचा पगारही आपल्याच देशाचा.

मग ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. राणीच्या सनदेला त्या दिवशी बरोबर २०२ वर्षं झाली होती. दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीची ६ हजारांची फौज कायमची पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. ही तैनाती फौज म्हणजे माझ्या मते कंपनीने काढलेली सगळ्यात धूर्त युक्ती, तुमच्याच पैशाने तुमच्याच दारात आमचे सैनिक, आणि तुम्ही कुणाशी बोलायचं ते पण आम्ही ठरवणार. १८१८ ला राज्य बुडालं ते या तहातच अर्धं बुडालेलं होतं.

राज्य गेल्यावर कोण उठलं ते बघण्यासारखं आहे. बडे सरदार जहागिरी वाचवत बसले. उठले ते रामोशी, भिल्ल, कोळी, गडकरी, म्हणजे ज्यांचं वतन गडाच्या आणि गावाच्या राखणीशी बांधलेलं होतं अशी माणसं. कंपनीला गडांची गरज नव्हती म्हणून राखणदारांची पण नव्हती, एका फटक्यात हजारो घरांचं उत्पन्न बंद. पुरंदरच्या पायथ्याचे उमाजी नाईक यातूनच उभे राहिले, १८३१ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला, कंपनी सरकारला सारा देऊ नका म्हणून, पुढच्याच वर्षी पुण्यात फाशी झाली. त्यांना बरोबर कळलं होतं की कंपनीचा जीव साऱ्यात आहे. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांच्या सेवेच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायला काढल्या तेव्हा सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, मग भुदरगड, मग वणवा सावंतवाडीपर्यंत. मोठी फौज आणून तोफा लावून तो मोडावा लागला. पुस्तकात याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो.

लेखणीने लढणारे पण होते. भास्कर पांडुरंग तर्खडकर, वय पंचविशीच्या आसपास, १८४१ मध्ये बॉम्बे गॅझेटमध्ये इंग्रजीत पत्रं लिहिली, खाली सही "एक हिंदू", आणि सरळ विचारलं की तुम्ही आमचं भलं केलं म्हणता तर इथली संपत्ती दरवर्षी बाहेर कशी जाते. दादाभाईंच्या कितीतरी आधी. आणि रंगो बापूजी गुप्ते, ज्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनीने पदावरून काढलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच दारं ठोठावत राहिले. तिथे निकाल कोण देणार, तर कंपनीचे डायरेक्टर आणि शेअरहोल्डर. १००० पौंडांचे शेअर असतील तर १ मत, १० हजारांचे असतील तर ४. छत्रपतींच्या गादीचं काय करायचं यावर लेडनहॉल स्ट्रीटवर शेअरहोल्डरांच्या मीटिंगा झाल्या, भाषणं झाली, काही इंग्रज सभासद महाराजांच्या बाजूने अगदी पोटतिडकीने बोलले पण, आणि मतदानात विषय संपला. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा. रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परत आले आणि १८५७ ला साताऱ्यात उठावाची तयारी केली, ती फुटली, त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला, ते स्वतः कंपनीच्या हाती कधीच लागले नाहीत. १४ वर्षं कायद्याने मागून बघितलेला माणूस होता तो.

१८५८ ला राणीचं राज्य आलं, कंपनी गेली असं आपण शिकतो. कंपनीचा व्यापार खरं तर १८३३ च्या कायद्यानेच बंद झाला होता, तेव्हापासून ती एकही गाठोडं विकत नव्हती, पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की शेअरहोल्डरांना दरवर्षी साडेदहा टक्के डिव्हिडंड मिळत राहील आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून दिला जाईल. १८५७ होऊन गेलं, फाशा झाल्या, तोफांच्या तोंडी लोक दिले, तरी तो डिव्हिडंड चालूच. शेवटी १८७४ मध्ये १०० पौंडांच्या शेअरला २०० पौंड मोजून हिशोब मिटवला आणि १ जून १८७४ ला कंपनी कागदावरून उतरली. तोवर प्रत्येक हप्ता बंगालच्या, मद्रासच्या, आपल्या मावळातल्या आणि कोकणातल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून गेलेला आहे, सामानगडाच्या त्या गडकऱ्यांच्या घरांतूनही.